मूळपुरुषाचा दगड

माझा मामा ओदोर ब्रँदामूर खिळे विकायचा, पण खिळे तोलण्याआधी तो गिऱ्हाइकाचं आडनाव मनातल्या मनात तोलून घ्यायचा. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे नाव विचारायची त्याला गरज पडत नसे. नोटरी आत आला की मामा काउंटरच्या बाहेर येई आणि त्याच्या आवाजात लोणी उतरे. नदीकाठच्या मोरिसोंपैकी कुणी आलं तर तो होता तिथेच उभा राही, नाक किंचित वर करी, जणू माणसाच्या आधी वाम माशांचा वासच दारातून आत आला आहे, आणि म्हणे, "हं?"

मोरिसो घराणं शरद ऋतूत नदीच्या उथळ पाण्यात खुंट रोवून वामी धरतं. बापजाद्यांपासून धरतं. मामाच्या लेखी एवढं पुरेसं होतं. त्याच वामी खारवून नोटरीच्या ताटात आल्या की मामा त्यांना पक्वान्न म्हणायचा.

त्याच्या आयुष्यात घडलं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. लहानपणी त्याला पाद्र्यांच्या शाळेत शिकायला पाठवलं होतं. दोन वर्षांत तो परत आला. वडील आजारी होते म्हणून परतावं लागलं, असं तो सांगतो. माझी आई क्लारिस त्याची धाकटी बहीण. ती म्हणते आजार लॅटिनचा होता. मग दुकान. खिळे, रंग, डांबरी कागदाच्या गुंडाळ्या, दारात पेट्रोलचा एक पंप. चर्चच्या कारभारी मंडळात जागा, पहिल्या बाकावर बैठक. लग्न केलं नाही. तोलामोलाची कुणी मिळाली नाही, हे त्याचं कारण. मुली नाही म्हणाल्या, हे गावाचं. दोन्ही कारणं इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिली की आता त्यांचं भांडण उरलं नाही.

असा माणूस साठीला आला की त्याला पूर्वज लागतात.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे घराण्यांच्या मंडळांची साथच आली होती. प्रत्येक आडनावाचं एक मंडळ, प्रत्येक मंडळाचा एक अध्यक्ष, आणि प्रत्येक अध्यक्षाला आपला मूळपुरुष इतरांच्या मूळपुरुषाआधी फ्रान्सहून आलेल्या जहाजातून उतरलेला हवा असायचा. मामानं ब्रँदामूर मंडळ काढलं आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं. लगोलग टपालानं कुठूनतरी घराण्याचं मानचिन्हही मागवलं: निळ्या ढालीवर सिंह, सिंहाच्या पंजात एक डहाळी. सिंहाचा चेहरा दाढ दुखणाऱ्या बोक्यासारखा होता. मामानं तो सिंह कागदी रुमालांवर छापला, राखदाणीवर छापला, दुकानाच्या बिलावर छापला. त्या वर्षी ज्यानं कुणी रंगाचा डबा नेला, त्यानं तो बोकाही घरी नेला.

पूर्वज शोधायचे म्हणजे आमच्याकडे लग्नं शोधायची. चर्चच्या वहीत लग्न लिहिताना नवरानवरीच्या आईबापांची नावं लिहितात. त्या बापाचं लग्न शोधायचं, मग त्याच्या बापाचं. शिडी चढावी तसं एकेका लग्नावर पाय देत जहाजापर्यंत पोचायचं. मामा बऱ्यापैकी चढला. मग फ्रान्स्वा नावाच्या एका ब्रँदामूरपाशी शिडी संपली. त्याचं लग्न लावणाऱ्या पाद्र्याला घाई असावी. त्यानं मुलाच्या आईबापांची नावं लिहिलीच नव्हती.

अशा ठिकाणी शहाणा माणूस आजूबाजूला पाहतो. लग्नाला साक्षीदार कोण होते, शेजारी कोण होते, त्याच घरात आणखी कोण वाढलं. मामाला आजूबाजूला पाहायची सवय नव्हती. तो वर पाहायचा. राजाच्या अधिकाऱ्यांची माहिती देणाऱ्या एका जाडजूड पुस्तकात त्याला ब्रँदामूर नावाचा लेफ्टनंट सापडला. फ्रान्समध्ये गढी, दारात राई. मामानं फ्रान्स्वाला त्या लेफ्टनंटचा मुलगा करून टाकलं. मधे जे रिकामं होतं ते त्यानं अभिमानानं भरलं.

ऑगस्टमध्ये मेळावा ठरला. मॉन्ट्रियलचे ब्रँदामूर येणार, गास्पेचे येणार, आणि सीमेपलीकडून, मॅसॅच्युसेट्सच्या कापडगिरण्यांत गेलेल्यांची नातवंडंसुद्धा येणार. त्या सगळ्यांसमोर मूळपुरुषाच्या पहिल्या जमिनीवर ग्रॅनाइटचा दगड उभा राहायचा होता. दगडावर सिंह, खाली 'लेफ्टनंट ब्रँदामूर यांनी येथे वसाहत केली', आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत पण फार लहान नाही, मंडळाच्या संस्थापकाचं नाव. त्या नावाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणं, एवढंच मामाला आयुष्याकडून हवं होतं. माणसाची इच्छा किती छोटी असू शकते याचं मला त्या उन्हाळ्यात नवल वाटत राहिलं.

अडचण जमिनीची होती. मूळपुरुष कुठे राहिला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ओढा नदीला मिळतो त्याच्या जरा पुढे पाण्यात घुसलेला एक खडक आहे. त्याला कधीपासून ब्रँदामूरचा खडक म्हणतात. भरतीला पाणी त्याच्या खांद्यापर्यंत चढतं, ओहोटीला तो मैलभर चिखलात एकटा उरतो, आणि संध्याकाळी समोरचा काठ जांभळा होतो तेव्हा नदी कुठे संपते ते कळत नाही. खडकापासून मागच्या टेकडीपर्यंत शेताची एक लांबलचक अरुंद पट्टी जाते. ती पट्टी झेलिया मोरिसोची आहे. तिचा नवरा गेला, पण मुलगे तिथेच कसतात, तिथेच वामी धरतात.

मामाचा निष्कर्ष तयार होता. "बळकावली," तो म्हणाला. "आमच्या लोकांना सरळपणा नडला. हे वामवाले कधीतरी घुसले आणि बसले."

"केव्हा घुसले, दादा?" आईनं विचारलं.

"अशा लोकांच्या घुसण्याची तारीख नसते."

जुलैमध्ये मामा, आई आणि मी झेलियाकडे गेलो. गाडी मी चालवली, कारण मामाला त्या वाटेवर आपली गाडी धुळीनं माखायची नव्हती. झेलिया स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. शाळेत ती आणि मामा एकाच वर्गात होते. तिनं उठायचे कष्ट घेतले नाहीत.

"बस, ओदोर. खुर्ची पुसलेली आहे."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकला. "झेलियाबाई, मंडळानं असं ठरवलंय, की दगड खडकापाशी बसवायचा. तुम्हाला कळवायला आलो."

"कळवायला की विचारायला?"

"त्यात काय एवढं?"

"फार आहे. कळवायचं असेल तर कळलं. वाटाण्याचं सूप घेऊन जा हवं तर. विचारायचं असेल तर विचार, मग मी उत्तर देईन."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. मामानं घसा साफ केला. खिळ्यांची पेटी उघडताना होतो तसा कोरडा आवाज झाला.

"बरं. विचारतो."

"बसव की," झेलिया म्हणाली. "माझं काय जातं? खडक तुझ्या दगडाला चावणार नाही. फक्त नाव पूर्ण लिही."

"पूर्णच आहे."

"नाही. मोरिसो ऊर्फ ब्रँदामूर, असं लिही."

मामा हसला. तो क्वचित हसायचा, आणि हसला की समोरच्याला आपण कुठेतरी घाण झालोय असं वाटायचं. "मोरिसो? आमच्या नावाआधी?"

"आधीच होतं ते. माझे सासरे सांगायचे, त्यांचे आजोबा सांगायचे. आमच्यापैकी अर्ध्या लोकांनी जुन्या काळी दोन्ही नावं लावली. कबरस्तानात जा, उत्तरेच्या भिंतीपाशी, लायलॅकच्या झुडपामागे. माग्लुआर आजोबांचा दगड आहे. वाच."

"त्या बाजूला मी जात नाही. तिकडे माझं कुणी नाही."

"म्हणून तर तुला माहीत नाही."

मामा दारापर्यंत गेला आणि थांबला. "आणि एवढी वर्षं तुम्ही लोक गप्प बसलात?"

झेलियानं शेंग फोडली, अंगठ्यानं वाटाणे वाडग्यात ढकलले. "कुणी विचारलं? आणि सांगून काय, तू खिळे बरे दिले असतेस?"

परतताना मामा गाडीत एवढंच म्हणाला की त्या घरात वास येतो. वास वाटाण्याच्या सुपाचा होता, आणि चांगला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर आईनं त्याचा दंड धरला आणि त्याला कबरस्तानाच्या उत्तरेला नेलं. साठ वर्षं तो दर रविवारी या चर्चमध्ये आला, दर नोव्हेंबरात मृतांसाठी मेणबत्त्या लावल्या, कारभारी म्हणून भिंत रंगवण्याची वर्गणी गोळा केली. पण भिंतीच्या त्या कोपऱ्यात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे मोरिसो पुरलेले होते, आणि मेलेल्या मोरिसोंपासूनही अंतर राखावं असं त्याला वाटत असे. आईनं लायलॅकच्या फांद्या बाजूला केल्या. दगड एका बाजूला कलला होता, शेवाळानं हिरवा झाला होता, पण अक्षरं खोल होती. माग्लुआर मोरिसो ऊर्फ ब्रँदामूर.

मामा बराच वेळ वाचत राहिला. वाचायला फार काही नव्हतं.

"चोरलं," तो शेवटी म्हणाला. "नाव चोरून थडग्यावर लावलं."

"दादा, शंभर वर्षांपूर्वी? तुझं नाव? तेव्हा आपल्या पणजोबांना धड बुटांची जोडीही नव्हती. त्यांचं नाव कोण चोरेल?"

त्या दुपारी पाद्रीबाबा आमच्याकडे जेवायला होते. गावाच्या जुन्या वह्या त्यांच्याच ताब्यात. जाडे, सुस्त, चांगल्या जेवणाखेरीज कशाचीच ओढ नसलेले गृहस्थ. मामानं त्यांना निवाडा मागितला. पाद्रीबाबांनी आधी बटाटे संपवले.

"ओदोर," ते म्हणाले, "राजाच्या पलटणीत साध्या शिपायांना टोपणनावं असायची. कुणी ट्यूलिप, कुणी बिनघोर, कुणी हसरा. तुझ्या मूळपुरुषाला सोबत्यांनी ब्रँदामूर म्हटलं. म्हणजे प्रेमाची काडी. अरे, लेफ्टनंटला कोण प्रेमाची काडी म्हणेल?"

"पुस्तकात आहे तो लेफ्टनंट."

"आहे ना. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की तो अविवाहित वारला आणि समुद्र त्यानं पाहिलाही नव्हता. मी वाचलं. तू त्याच्या गढीपाशीच थांबलास वाटतं."

"मग आमचा कोण?"

"पिएर मोरिसो. शिपाई. पलटण परत गेली, हा राहिला. खडकापासूनचा पट्टा त्याला मिळाला. थोरल्या मुलानं जमीन घेतली आणि आडनाव चालवलं. धाकटा फ्रान्स्वा नदीपासून मागे, शेतांच्या दुसऱ्या रांगेत, जंगल तोडून मिळेल त्या जागेवर गेला. दोघांत फरक कळावा म्हणून त्याला बापाच्या टोपणनावानं हाक मारायचे. तेच चिकटलं. फ्रान्स्वाच्या लग्नात साक्षीदार कोण होता माहीत आहे? थोरला भाऊ. आमच्या वहीत तिथेच खाली लिहिलंय. त्याचं आडनाव मोरिसो दिसल्यावर तू पुढे वाचलं नसशील."

मामानं नजर ताटाकडे वळवली. त्यानं ते वाचलं होतं, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा कळलं. वाचलं होतं, आणि एखादा मोरिसो आपल्या लेफ्टनंटच्या मुलाच्या लग्नात फुकटचं जेवायला आला असेल असं समजून पान उलटलं होतं.

"म्हणजे आम्ही धाकटी पाती," तो म्हणाला.

"धाकटी, आणि बिनजमिनीची," पाद्रीबाबा म्हणाले, आणि मेपलच्या पाकाचं भांडं स्वतःकडे ओढलं.

मी त्या दिवशी थोडी आशा धरली होती, हे कबूल करायला हरकत नाही. माणूस वाकतो कधीकधी. वाकायला लागणार होतं तेही कितीसं? दगड घडवणाऱ्याला आईनं फोन केला. तो म्हणाला, लेफ्टनंट हा शब्द घासून काढता येईल, सिंहाच्या वर बोटभर पट्टी कोरी आहे, तिथे 'मोरिसो ऊर्फ' सहज बसेल. झेलिया खडकापाशी जागा द्यायला तयार होती. पाहुणे येणार होते. एका शब्दाच्या बदल्यात मामाला जे हवं होतं ते सगळं मिळत होतं: मूळपुरुषाची खरी जमीन, नदी, खडक, दगड, शेजारी तो.

"सिंहाच्या डोक्यावर मोरिसो?" तो आईला म्हणाला. "उद्या ते वामवाले दुकानात येऊन मला दादा म्हणतील."

"म्हणू देत. काय झिजणार आहेस?"

"आज दादा म्हणतील, परवा पहिल्या बाकावर बसतील."

"दादा, मॅसॅच्युसेट्सहून जे येतायत ना, ते ब्रँदामूरसुद्धा नाहीत आता. गिरणीतल्या मुकादमाला नाव उच्चारता येईना म्हणून त्यांचे आजोबा ब्रँदामूरचे 'लव्ह' झाले. आपली भाषा त्यांना येत नाही. ते चालतात तुला, आणि झेलिया चालत नाही?"

"त्यांनी नाव नाइलाजानं सोडलं," मामा म्हणाला.

त्यांच्या गाड्या लांबलचक आणि महागड्या होत्या, असं त्यानं म्हणायला हवं होतं. निदान खरं बोलला असता.

शेवटी त्यानं दगड दुकानाच्या आवारात बसवला. पेट्रोलचा पंप आणि डांबरी कागदाच्या गुंडाळ्या यांच्या मधे. त्या आवारात एकाही ब्रँदामूरनं कधी झाड तोडलं नव्हतं की बी पेरलं नव्हतं. मामाच्या वडिलांनी ती जागा एका दिवाळं निघालेल्या लोहाराकडून घेतली, तोवर तिथे घोड्यांचे नाल आणि चिखल होता. 'येथे वसाहत केली' हे शब्द मात्र तसेच ठेवले. लेफ्टनंटही तसाच ठेवला. पाद्रीबाबांनी दगडाला आशीर्वाद द्यायला नकार दिला नाही. ते म्हणाले, पंपाला देतो, दगडावर पवित्र पाण्याचे थेंब पडले तर पडले.

मेळाव्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. गवत कापून झालेलं होतं आणि नदीवरून येणाऱ्या वाऱ्याला त्याचा वास होता. माणसं आली, चांगली जमली. मामानं काळा कोट घातला होता. त्यानं भाषण केलं: रक्त, परंपरा, राजाची सेवा. लेफ्टनंट हा शब्द तो इतक्यांदा बोलला की एका गास्पेवाल्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हा नक्की पूर्वजाविषयी बोलतोय की बढती मागतोय?" मग पडदा ओढला गेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी मागोमाग. मॅसॅच्युसेट्सच्या डोरिस लव्ह नावाच्या बाईंनी रुमालानं डोळे टिपले. त्यांना आजीकडून ऐकलेली आमची भाषा थोडीथोडी येत होती.

"म्हणजे तो इथे उतरला?" त्यांनी पंपाकडे पाहत विचारलं. "या जागी त्याचं घर होतं?"

मामानं दगडावर हात ठेवला. "साधारण इथेच."

"पण आजी खडक म्हणायची. पाण्यातला खडक. तिच्या आजोबांना त्यांच्या बापानं दाखवला होता म्हणे."

गर्दीतून आमच्याच गावचा सुतार बोलला, "खडक तिकडे आहे, बाई. मोरिसोंच्या शेतात. झेलियानं आज चुलीवर घेवड्याची मडकी चढवली आहेत. लोक येतीलच म्हणत होती."

डोरिसबाईंनी मामाकडे पाहिलं. त्या काहीतरी उत्तराची वाट पाहत होत्या. मामा म्हणाला, "तिकडे चिखल आहे."

त्या चिखलाकडे सगळे गेले. आधी लव्ह मंडळी, मग मॉन्ट्रियलची, मग मुलं, मग म्हातारे काठ्या टेकत. मीही गेले. ओहोटी होती, खडक पुरा उघडा पडला होता आणि झेलियाचे मुलगे लोकांना हात देऊन त्यावर चढवत होते. झेलियानं कुणाला आडनाव विचारलं नाही. तिनं फक्त विचारलं, "घेवड्यावर मेपलचा पाक घालू का?" डोरिसबाई खडकावर बसल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगत नाही. ज्याला आपलं कुणी सापडलंय त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, तेच.

दुपार कलल्यावर आईनं एक ताटली भरली. तूर्तिएरचा मोठा तुकडा, खिमा दाबून भरलेला, वरचं कवच खुसखुशीत. बाजूला घेवडा आणि पावाचा तुकडा. ताटलीवर फडकं टाकून आम्ही दोघी दुकानापाशी आलो. मामा दगडाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. काळा कोट अंगात तसाच. एक गाडी पेट्रोल घ्यायला थांबली होती आणि तिच्यातला माणूस दगडावरचा सिंह वाचायचा प्रयत्न करत होता. मामानं त्याला काही सांगितलं नाही. गाडी गेली.

"कुठून आणलं?" त्यानं फडकं उचलून विचारलं.

"झेलियाकडून," आई म्हणाली.

मला वाटलं तो फडकं पुन्हा टाकून ताटली परत देईल. तेवढं जरी केलं असतं तरी मी त्याला मानलं असतं. पण सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्यानं काटा उचलला आणि खायला लागला, भरभर, मान खाली घालून, रस्त्याकडे पाठ करून.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "या लोकांना मिठाचा अंदाज कधी नव्हताच."

त्यानं पावानं ताटली पुसून घेतली, अगदी कोरडी होईपर्यंत. मग कोटाच्या बाहीवर पडलेला चुरा झटकला आणि नदीच्या दिशेनं न पाहता विचारलं, "तिकडे फोटो काढले का कुणी?"

"सगळ्यांनी," आई म्हणाली, आणि ताटली घेतली.